अंगणातला न फुटलेला गोळा

मित्रांनो, मी जुना आहे, गंजलो आहे आणि अजून फुटलेलो नाही. मी तोफेचा गोळा आहे. तुमच्या पुस्तकांत छत्री बोलते, फळा बोलतो, म्हातारा बैल बोलतो आणि शेवटी सगळे एकच मागतात: आम्हाला जपा. मी ते मागणार नाही. मला एकसष्ट वर्षं जपलं आणि त्यापायी एका रविवारी चार माणसं मरायला टेकली होती.

मला कोणत्या देशाने घडवलं ते सांगत नाही. सांगून काय फरक पडतो? दोन्हीकडचे कारखाने सारखे होते. दोन्हीकडे बायकाच राबत होत्या, कारण पुरुष मातीत गेले होते किंवा जायच्या वाटेवर होते. जिने माझ्या पोटात दारू भरली तिचे हात त्या दारूने पिवळे झाले होते, केसांची टोकंसुद्धा पिवळी.

"घरी पोरं ओळखतात का गं तुला?" शेजारणीने तिला विचारलं.

"न ओळखायला काय झालं? दिवा लावायचा खर्च वाचला म्हणतात."

दोघी हसल्या आणि मग ती खोकत राहिली. एका साहेबाने मला फिरवून पाहिलं, वाहवा केली आणि पुढे ढकललं. माझी आयुष्यातली खरी वाहवा तेवढीच.

एकोणीसशे सोळाचा ऑक्टोबर महिना होता. दोन आठवडे पाऊस लागून राहिला होता. मला डागलं आणि मी चिखलात नाक खुपसून पडलो. फुटलो नाही. पाच पावलांवर एक सैनिक तोंड खाली घालून पडला होता. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला, मी घुसलो त्या भोकाकडे पाहिलं आणि रांगत निघून गेला. ज्या कामासाठी मला केलं त्यात मी नापास झालो. माझ्या हातून घडलेलं बरं काम तेवढं एकच, आणि त्यातही माझं कर्तृत्व काही नाही.

मग सदतीस वर्षं मातीत गेली. माझ्यावर उत्तर फ्रान्समधलं लांव्हिकूर गाव पुन्हा बांधलं गेलं. चर्चला नवा मनोरा आला, शेतांत गहू आणि साखरेचं बीट आलं. दर नांगरणीला माझे भाऊबंद वर यायचे. शेतकरी त्यांना उचलून रस्त्याकडेच्या खांबापाशी ठेवायचे, नगरपालिकेला कळवायचे आणि पुढच्या सरीला लागायचे. यात कुणाला नवल वाटत नसे. "यंदा बीट बेताचं, लोखंड मात्र भरघोस," असं म्हणत ते वाइनचा पेला उचलायचे. गोळ्यांची सवय झालेला माणूस पाहिला की मला राग येतो. सवय हीच आमची अर्धी ताकद.

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या वसंतात दुव्हिलिए घराण्याचे दोन भाऊ नांगरणी करत होते. थोरला ल्युसियाँ ट्रॅक्टरवर होता, धाकटा आन्सेल्म मागून दगड वेचत होता. फाळ माझ्या शेजारच्या गोळ्यावर आदळला. तो फुटला, एकाच खेपेत पास झाला. ल्युसियाँचं पुरायला फारसं काही मिळालं नाही.

त्याच सरीत मी उघडा पडलो होतो. पोलीस आले, मोजमाप झालं, बाकीचे गोळे गेले. त्याआधीच वीस वर्षांच्या आन्सेल्मने मला पोत्यात गुंडाळून गाडीत टाकलं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यालाही कळलं होतं असं वाटत नाही.

त्याने मला अंगणात, पंपाशेजारी, अर्धा जमिनीत गाडून उभा केला. रोज शेतावरून आला की तो बुटांचा चिखल माझ्या अंगावर खरवडायचा. आधी उजवा बूट, मग डावा. माझ्यावर दात असलेल्या माणसाने एवढंच केलं, रोज पाय पुसले.

लग्न होऊन आलेल्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, हे भरलेलं तर नाही ना?"

"रिकामं आहे. सरकारी माणसांनी रिकामं करून दिलं."

साफ खोटं. सरकारी माणसांनी मला पाहिलंही नव्हतं. तिने विश्वास ठेवला आणि माझ्याभोवती जिरेनियमची फुलझाडं लावली. त्यांची मुलगी ओदिल सात वर्षांची असताना माझ्या डोक्यावर बसून वाटाणे सोलायची आणि टाचा माझ्या पोटावर आपटायची. आन्सेल्म दारातून बघायचा. त्याच्या तोंडचा रंग जायचा आणि तो तिला कसल्या तरी कामाला पिटाळायचा. पण मला हलवायचा नाही. खोटं एकदा अंगणात रोवलं की ते उपटायला किती जोर लागतो, ते मी तिथे उभं राहून पाहिलं.

वर्षं गेली. बायको गेली. शेत खंडाने दिलं. ओदिल पन्नाशी ओलांडून नवऱ्याशिवाय परत आली आणि तिने वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. लांव्हिकूरला लोक येतात. सैनिकांच्या कबरी बघतात, खंदक बघतात, कालव्याकाठी सायकल फिरवतात आणि संध्याकाळी चीज खातात. ओदिलने मला तारेच्या ब्रशने घासलं, काळा रंग दिला. लोक माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागले. माझ्या भाऊबंदांनी त्यांच्या पणजोबांच्या चिंधड्या केल्या होत्या, आणि माझ्याशेजारी ते दात काढून उभे राहत. मी काही म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं.

मग तो रविवार आला. लियाँहून बर्त्राँ आणि सोलेन हे जोडपं आलं होतं. बर्त्राँच्या पणजोबाचं नाव तिथल्या कबरस्तानात होतं. सकाळी ते नाव शोधून आले, दुपारी भूक लागली. ओदिल आत फ्लामिश, म्हणजे कांद्याची पात भरलेली तिकडची खारी पोळी, भाजत होती. बर्त्राँला मांस भाजायचं होतं. त्याने लोखंडी जाळी घेतली. तिचं एक टोक विटांवर ठेवलं आणि दुसरं माझ्यावर.

"अहो, शोभेची वस्तू आहे ती, रंग जाईल," सोलेन म्हणाली.

"शंभर वर्षांचं लोखंड आहे, त्याला काय होतंय? पणजोबांच्या वतीने सूड समज."

त्याने खाली निखारे पसरले. हवा आली तसे ते फुलले. माझा रंग फुगला, पापुद्रे सुटले. पोटात काय चाललं होतं ते मला समजत नव्हतं. ते मला कधीच समजलं नाही.

आन्सेल्म जेवणाआधीची झोप काढून काठी टेकत बाहेर आला. त्याने जाळी पाहिली.

"लांब व्हा."

"या आजोबा, बसा! तुमच्यासाठी मऊ तुकडा ठेवलाय," बर्त्राँ म्हणाला.

"लांब हो, गाढवा! तो भरलेला आहे!"

ओदिल पिठाच्या हातांनी दारात आली. "बाबा, काय हे? पाहुण्यांशी असं बोलतात? रिकामा आहे तो. तुम्हीच सांगितलंय, शंभर वेळा."

"खोटं सांगितलं. शंभरच्या शंभर वेळा."

ती बघत राहिली. काय झालंय हे तिच्या तोंडावर हळूहळू उमटलं. बर्त्राँने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको! तापलेल्यावर पाणी नको! ओदिल, यांना घेऊन रस्त्यापलीकडे जा. पळ म्हणतो ना!"

"तुम्ही?"

"मी येतो. पुढे हो, पोरी."

ते गेले. आन्सेल्मने काठी टाकली आणि भिंतीला टेकवलेलं लांब दांड्याचं दाताळं घेतलं. माणूस एक्याऐंशी वर्षांचा. एकेक निखारा त्याने माझ्यापासून ओढून काढला, दगडी फरशीवर नेला. घाई केली नाही. बीट उपटताना माती झटकतात त्या सवयीने काम केलं. जाळी उलटली, मांस मातीत पडलं. शेवटचा निखारा निघाल्यावर तो वळला आणि रस्त्यापर्यंत चालत गेला, काठीशिवाय.

तासाभराने स्फोटकं निकामी करणारे आले. त्यांची प्रमुख इनेस नावाची बाई होती. तिने माझ्याजवळ गुडघे टेकले आणि टोकाजवळचा गंज पाहिला.

"फुटला असता का?" बर्त्राँने कुंपणाबाहेरून विचारलं.

"याचं उत्तर मी कुणालाच देत नाही," ती म्हणाली. "देऊन बसले तर लोक पुढच्या वेळी त्यावर पैज लावतात."

ओदिल बापाकडे बघत होती. "मी यावर बसून वाटाणे सोलायचे."

"हो."

"आणि तुम्ही बघायचात."

"हो."

"कशासाठी, बाबा?"

म्हाताऱ्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. "ल्युसियाँचं दुसरं काहीच सापडलं नाही. याला नेलं असतं तर मी कुणावर पाय पुसले असते?"

ओदिलने त्याला जवळ घेतलं नाही. रागावून ओरडलीही नाही. तिने घरात जाऊन खुर्ची आणली, रस्त्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "बसा. उभं राहवत नाहीये तुमच्याच्याने." तो बसला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, पण तोंड शेताकडे करून. मला वाळूच्या पेटीत निजवून गाडी निघाली तेव्हाही ते दोघं तसेच होते.

आता मी एका कोठारात माझी पाळी यायची वाट बघतोय. खड्डा खणतील, तार जोडतील, लांबून बटण दाबतील. मला भीती नाही आणि आनंदही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं काही सापडलं तर हात लावू नका. लांब या आणि मोठ्यांना सांगा. पण मोठ्यांवरही फार विसंबू नका. घरात कुणी एखादी गोष्ट कोपऱ्यात ठेवून वर्षानुवर्षं "रिकामी आहे" म्हणत असेल, तर खोदून विचारा. उद्धट म्हणतील, म्हणू देत. ओदिलने विचारलं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. तुम्ही सातव्या वर्षीच विचारा.