मंठा रोडवरचं विमान

मंठा रोडवर विमान आणून त्यात हॉटेल काढलंय, ही बातमी जुन्या जालन्यात गल्लोगल्ली पोचली, तरी फरहीन तिकडे फिरकली नव्हती. उमेदीची सगळी वर्षं हवाईसुंदरी म्हणून विमानात काढलेल्या बाईला विमानात बसून पनीर खायची काय हौस असणार? पण एकदा रुखसारने, तिच्या भावजयीने, मोबाइलवर त्या हॉटेलचा व्हिडिओ दाखवला आणि फरहीन तो पुन्हा पुन्हा बघत राहिली. शेपटाजवळ नव्या रंगाखालून जुनी अक्षरं पुसट दिसत होती. टी आणि एल, विमानवाल्यांच्या बोलीत टँगो-लिमा. हे तर तिचंच जुनं विमान!

हे विमान आधी तुर्कस्तानात होतं, सुट्टीवरच्या लोकांना समुद्रकिनारी नेत-आणत असे. तिथून भाड्याने भारतात आलं तेव्हा संडासातल्या पाट्या तुर्कीतच होत्या आणि प्रवासी त्यांचा अर्थ फरहीनला विचारायचे. मग गुवाहाटी, कोची, जयपूर. हजच्या दिवसांत जेद्दा. एकदा रांचीला उतरताना पुढचं चाक मोडलं, तेव्हा फरहीनही त्यातच होती. नाक धावपट्टीवर घासत गेलं, आत धूर कोंडला. तरी सगळे प्रवासी जिवंत बाहेर आले. शेवटी बाहेर पडली अर्पिता, फरहीनची सीनियर. कोणी मागे राहिलं तर नाही ना, म्हणून धुरात रांगत तिने एकेक सीट हाताने चाचपली होती. उतरताना ती रबरी घसरगुंडीवरून वाकडी पडली आणि पाठीचा मणका गेला. विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडालं, अर्पिता नाही. पुढे कंपनीच बुडाली. टँगो-लिमा नागपूरला उन्हात पडून राहिलं, इंजिनं कोणी काढून नेली, आणि उरलेला सांगाडा मंठ्याच्या कल्याण नावाच्या माणसाने हॉटेलासाठी लिलावात घेतला.

रविवारी दुपारी फरहीन आईला, कमरबीला, घेऊन तिथे गेली. कमरबी याच विमानाने हजला जाऊन आली होती. लेकीची नोकरी मात्र तिला कधी रुचली नाही. पोरगी मुंबईला ऑफिसात आहे, असंच ती नात्यात सांगत आली होती.

दारातच, आत जायच्या तिकिटांच्या टेबलामागे, भला मोठा फलक होता. 'शापित विमान. आगीत साठ प्रवासी ठार. हवाईसुंदरी दार लावून स्वतः पळाली. तिचा आत्मा आजही भटकतो.' आत लाल दिवे आणि किंकाळ्यांचं रेकॉर्डिंग. मागच्या टोकाला, जिथे उभी राहून फरहीन चहाचे कप भरायची, तिथे कापडाच्या दुकानातली बाहुली उभी केली होती. अंगावर त्यांच्याच कंपनीचा युनिफॉर्म, तोंडाला लाल रंग. दोन तरुण तिच्या कमरेत हात घालून फोटो काढत होते.

 फरहीन तशीच गल्ल्यावर गेली आणि कल्याणला विचारलं, हे सगळं खोटं आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? तो अजिबात चपापला नाही. लिलावाच्या वेळीच आपल्याला सगळं सांगितलं होतं, म्हणाला.

"मनावर घेऊ नका, ताई. लोकं मेलेल्याचं बघायला येऊन राह्यले. सगळे जगले, असं लिहिलं तर तिकीट कोण काढंल?"

"जिनं लोक वाचवले तिला पळपुटी म्हणता?"

"नाव कुठं लिहिलंय मी?"

फरहीन पुढे बोलणार तोच मागून कमरबीचा आवाज आला. म्हातारी दोन सीटांच्या मधे उभी राहून जेवणाऱ्यांना सांगत होती.

"ऐका जरा. याच्यात कोणी मेलेलं न्हाई. मी याच्यातच बसून हजला गेल्ते. रांचीला धूर झाला तवा ही माझी पोरगी मागच्या दारात उभी व्हती, लोकाला बाहेर काढून राह्यली व्हती. आमीच तिची नोकरी लपवली. लाज वाटायची आमाला. बिलकुल चुकलं आमचं."

 आईच्या तोंडून हे फरहीन जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. एका बाईने वेटरला किंकाळ्या बंद करायला लावल्या. एक माणूस ताट सरकवून उठला आणि कल्याणला फलकाचा जाब विचारू लागला. फरहीन मागे गेली. फोटोवाल्या तरुणांना तिने बाजूला केलं, बाहुलीच्या अंगावरचा कोट काढला, घडी घालून हातावर घेतला. कल्याण पोलिसांचं नाव काढू लागला. बोलवा, ती म्हणाली, मलाही त्यांना बरंच सांगायचंय. पोलीस काही आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात फलक उतरला. बाहुलीही गेली. त्यानंतर कल्याण मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. दर रविवारी हॉटेलात येऊन ताईंनी खरी गोष्ट सांगावी, पगार देऊ, असं त्याचं म्हणणं. आता त्याला खरं विकायचं होतं. फरहीनने पुड्याला हात लावला नाही. तिने नागपूरला अर्पिताला फोन लावला, थोडक्यात सगळं सांगितलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

तो खाली मान घालून काहीबाही पुटपुटला. चूक झाली, धंद्यापायी झालं, माफ करा. पलीकडे अर्पिताने सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता फोन ठेवला.

"केलं का माफ त्यांनी?" कल्याणने विचारलं.

"नाही," फरहीन म्हणाली, आणि पुडा त्याच्या हातात देऊन तिने दार उघडलं.