बाराव्या घरातली काच

माणसं शहर सोडून इतक्या लांब का राहायला येतात, ते मला विचारा. मी रंगारी आहे. माणूस मनातलं शेजाऱ्याला सांगत नाही, पण शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला सांगतो. बहुधा इतक्या उंचावर ऐकू येत नसावं असा त्याचा समज असतो. या वस्तीतल्या शेवटच्या ओळीतली बाराही घरं मी रंगवली आणि प्रत्येक घरात थोडंफार तेच ऐकलं. मुलीला स्वतःची खोली हवी. सासूला वेगळं दार हवं. भिंतीत खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी नको. एक बाई तर म्हणाली, "मला फक्त मोठ्यांदा भांडता आलं पाहिजे." तिच्या स्वयंपाकघराला मी फिकट पिवळा सुचवला.

बारावं घर माझ्या ताईचं. ते तिने माझ्या शब्दावर घेतलं, हे आधीच सांगून टाकतो.

शहरात ताई, भाऊजी आणि माझी भाची ठमी दीड खोलीत राहायचे. ठमीचं अंथरूण जेवणाच्या टेबलाखाली. पाहुणा आला की तिने पाय दुमडून घ्यायचे. सात वर्षांची पोर, पण झोपेतसुद्धा अंग चोरून पडायची. मी म्हणालो, "ताई, इकडे या तुम्ही. मोकळं आहे, परवडतं आहे, आणि रंग मी देतो." एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. ही ओळ उभी राहायच्या आधी तिथे तळं होतं. डंपर येऊन त्यात राडारोडा ओतत होते, तेव्हा मी पलीकडच्या ओळीला रंग देत होतो आणि सगळं बघत होतो. वाटलं, घरं बांधणाऱ्या कंपनीत शिकलेली माणसं बसली आहेत, आपण कशाला शहाणपणा करा!

दोन वर्षं बरी गेली. भाऊजी पहाटे निघायचे आणि परत येईपर्यंत ठमी झोपलेली असायची, त्यामुळे बापलेकीची गाठ सुट्टीच्या दिवशीच पडायची. ताईने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. बैठकीच्या भिंतीवर तिने सहा खिळे ठोकले होते. त्यातल्या चारांवर काहीच टांगलेलं नव्हतं.

मग जिन्याजवळच्या भिंतीला तडा गेला. केसाएवढा. मी त्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरली, घासली, वर रंग दिला. महिन्याभरात तो पुन्हा दिसू लागला. कंपनीचा इंजिनियर येऊन गेला आणि म्हणाला, "नवं बांधकाम आहे, जमीन थोडी दबतेच. वर्षभरात थांबेल." त्याचं खरं की खोटं, हे बघायची एक साधी रीत आहे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने भिंतीला पक्की करायची आणि काचेवर तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तुटते. शाबूत राहिली तर काळजी नाही, रंग लावा आणि विसरून जा.

मी पट्टी लावत असताना ताई शेजारीच उभी होती. सिमेंट किती, पाणी किती, सगळं डोळ्यांत साठवून घेत होती.

"तुटली तर काय करायचं रे?" तिने विचारलं.

"तुटली तर त्याच दिवशी घर सोडायचं. कपडेसुद्धा भरत बसायचं नाही."

हे मी जरा जास्तच दरडावून बोललो. तिथेच माझं चुकलं.

पुढे ओळीतल्या सगळ्यांनीच माझ्याकडून पट्ट्या लावून घेतल्या, कारण तडे घरोघरी होते. दर पंधरा दिवसांनी मी फेरी मारायचो. प्रत्येक घरातली काच शाबूत. ताईची तर नेहमी लखलखीत. मी चिडवायचो, "भिंती पुसतेस त्या पुसतेस, काचेलाही सोडत नाहीस." ती हसायची आणि चहा टाकायला आत जायची. सहा महिने असे गेले. माझा जीव भांड्यात पडला होता.

गेल्या रविवारी सकाळी दुसऱ्या एका कामासाठी पट्ट्या हव्या होत्या, म्हणून काचवाल्याकडे गेलो. मी माप सांगायच्या आत त्याने टेबलाखालून गठ्ठा काढला.

"कापून तयारच ठेवतो," तो म्हणाला. "तुमच्या त्या ओळीतल्या बायकांना हेच माप लागतं."

"कुठल्या बायकांना?"

"सगळ्याच येतात की. आधी तुमच्या ताई आल्या, मग एकेक करून बाकीच्या. पूर्वी महिन्यातून एखादी न्यायच्या. आता ताईंना आठवड्याला दोन लागतात. घरात काही नक्षीकाम चाललंय का हो?"

गठ्ठा तिथेच टाकून मी स्कूटर काढली.

दार ताईनेच उघडलं. भाऊजी रविवार असूनही कामावर गेले होते, ठमी वर तिच्या खोलीत होती. मी तडक जिन्यापाशी गेलो. काच शाबूत होती. तारीख सहा महिन्यांपूर्वीची, आणि अक्षर हुबेहूब माझ्यासारखं. मी कडेच्या सिमेंटवर नख दाबलं. नख आत रुतलं; सिमेंट पुरतं वाळलंही नव्हतं.

"किती तुटल्या आतापर्यंत?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "मोजल्या नाहीत."

"आणि बाकीच्यांना तू शिकवलंस?"

"शेजारची रडत आली होती माझ्याकडे. मग तिला सिमेंट कालवून दाखवलं. तिने पलीकडचीला दाखवलं. बोभाटा झाला असता तर आमची घरं घेणार कोण?"

"ताई, वेडबिड लागलंय का तुला? अंगावर कोसळेल हे सगळं!"

"ओरडू नकोस, ती वर आहे. तुटली की त्याच दिवशी निघायचं म्हणालास. निघून जायचं कुठे? पुन्हा त्या टेबलाखाली? अरे, ठमी आता हातपाय पसरून झोपते. मी उठून उठून बघते तिला. पलंगभर पसरलेली असते."

तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तळ्याचं तिला आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. समोरच्या काचेचे दोन तुकडे झाले होते. वरून ठमीची हाक आली, "आई, दार उघडत नाहीये!"

आम्ही जिना कसा चढलो कळलं नाही. दाराची चौकट तिरपी झाली होती आणि दार तिच्यात घट्ट अडकलं होतं. मी खांद्याने धडका दिल्या. ते जराही हललं नाही. ताई खाली धावली आणि माझ्या स्कूटरच्या डिकीतला हातोडा घेऊन आली. या दाराला तिने माझ्याकडून तीनदा पॉलिश करून घेतलं होतं, हाताचा डाग पडू द्यायची नाही. आता त्याच दारावर ती घाव घालत होती. मी हातोडा मागितला, तिने दिला नाही. खालची फळी फुटली आणि त्या भोकातून ठमी सरपटत बाहेर आली. छताचा चुरा आमच्या डोक्यावर पडत होता. तिला उचलून आम्ही रस्त्यावर आलो.

आवाज ऐकून ओळीतली माणसं आपापल्या दारात आली होती. कुणी जवळ आलं नाही. काय झालं असंही कुणी विचारलं नाही. आमच्याकडे बघत नुसती उभी होती.

शेजारचं अकरावं घर महिन्यापूर्वी रिकामं झालं होतं. "बदली झाली," असं सांगून ती माणसं गेली होती. त्या घरासमोर एक गाडी येऊन थांबली. घरं दाखवणारा दलाल उतरला आणि कुलपाशी खटपट करू लागला. त्याच्यामागून एक तरुण जोडपं उतरलं. बाईला सातवा महिना तरी असावा. आमच्या पांढऱ्या झालेल्या डोक्यांकडे बघून ती हसली.

"रंगाचं काम काढलंय वाटतं?"

ताईने मान हलवली.

"कसं आहे हो इथे? आम्ही शहरात एकाच खोलीत राहतो. बाळ आल्यावर त्याला ठेवायचं कुठे, हाच प्रश्न आहे."

दारादारांतली माणसं ताईकडे बघत होती. तिच्या तळहातातून रक्त येत होतं. तो हात तिने ठमीच्या पाठीमागे लपवला.

"शांत आहे," ताई म्हणाली. "मुलांना मोकळं आहे."

ती बाई माझ्याकडे वळली. "तुम्ही रंगारी ना? भिंती वगैरे कशा आहेत? तुम्हाला बरोबर माहीत असणार."

मला खरं सांगायचं होतं, देवाशपथ. शब्द ओठांपर्यंत आले होते. ताई माझ्याकडे बघत होती, आणि उद्या ताईचं घर कुणी घेतलं नाही तर ठमी कुठे झोपेल एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"या ओळीतल्या सगळ्या भिंती मीच रंगवल्यात," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. नवऱ्याचा हात धरून, जपून पायऱ्या चढत ती आत गेली.