पडद्याआडची मरिना

वेलिका सोळाव्या वर्षी तापाने गेली. द्रागनाच्या पोटी तेवढी एकच.

बाप तिहोल प्रेस्लाव शहरातल्या मठासाठी पांढऱ्या मातीच्या फरशांवर संतांची चित्रं काढायचा. त्याला रडणं जमेना. त्याने संत मरिनेची फरशी घेतली आणि तिच्यात लेकीचं तोंड उतरवलं. कच्च्या रंगात काय दिसतंय कप्पाळ! सगळं राखेसारखं. खरा चेहरा उमटतो तो भट्टीत.

"बायका उभ्या राहतात ना, त्या दाराशी बसवणार ही," तो द्रागनाला म्हणाला. "रोज भेटेल तुला."

भट्टी उघडायचा दिवस आणि वेलिकाचा चाळिसावा दिवस नेमका एकच आला. मेलेल्याच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू घेऊन द्रागना एकटीच थडग्यावर गेली. इकडे मठाधिपती तेओफान भट्टीवर आले आणि फरशी बघून म्हातारा विरघळलाच.

"तिहोल, असली मरिना दारात? अरे, हिची जागा आत, वेदीमागे!"

ही फरशी रंगवताना तिहोलचा हात नको इतका चांगला चालला होता. ही माझी पोर आहे म्हणावं, तर संताच्या नावाखाली माणूस काढल्याबद्दल फरशी फोडतील. तो गप्प बसला. फरशी वेदीच्या पडद्याआड गेली, आणि तिथे बाईमाणसाला पाऊल टाकता येत नाही.

द्रागनाने मठाधिपतींचे पाय धरले. "बाबा, एकदाच पडदा सारा. लांबूनच बघते."

"अगं पोरी, मरिना तुझं तिथूनही ऐकते. बघायला कशाला हवं?" म्हाताऱ्याने मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

"दुसरी काढ," तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

हिवाळाभर त्याने तीन काढल्या. तिसरी भट्टीतून निघाली तेव्हा द्रागना शेजारीच उभी होती.

"ही कोण?"

"मरिना," तिहोल मान खाली घालून म्हणाला. "काय करू गं? डोळे मिटले की ती पडद्यामागचीच दिसते. आपली घरातली दिसतच नाही."

"मग मी सांगते तसं काढ. घे कुंचला." ती त्याच्यासमोर ठाण मांडून बसली. "हसली की तिची एक भुवई वर जायची. ती आधी काढ."

"कुठली?"

"डावी," ती म्हणाली. मग थांबली. "नाही, उजवी."

तिहोल कुंचला धरून वाट बघत राहिला. द्रागनाला काही केल्या आठवेना.