फडक्यात बांधलेली जीभ

मित्रांनो, मी धक्क्यावरची जुनी घंटा आहे. अंगावर हिरवा गंज चढलाय, कडेचा एक टवका उडालाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. एका मोडीत काढलेल्या जहाजावरून आणून मला या खांबाला टांगलं, त्याला साठ वर्षं होतील.

माझं काम एकच. बंदराच्या तोंडाशी खडक आहेत, तिथे धुकं दाटलं की वाजायचं. मी वाजले की होड्या बाहेरच थांबायच्या. मी गप्प असले की वाट मोकळी समजून सरळ आत शिरायच्या. या गावात दोन माणसांचं एकमेकांशी पटत नाही, पण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास. येता-जाता लोक मला थोपटायचे. खोटं कशाला बोलू, मला जरा शिंगंच फुटली होती.

मला वाजवायची ती ताई, जाळी विणणारी. एकटी आणि फटकळ. तिच्या धाकट्या भावाचं घर धक्क्याला लागूनच. त्याला मुलगी झाली आणि माझं नशीब फिरलं. वाऱ्यानेही माझा लोलक हलायचा आणि बाळ दचकून रडायचं. एक दिवस धाकट्याने लोलकाला फडकं गुंडाळलं आणि वरून दोरीची गाठ मारली.

"अरे, तुझी गाठ मला सुटायची नाही," ताई म्हणाली.

"सुटते गं. धुकं पडलं की सोड. पोरीला झोप तरी लागू दे."

"आपल्या गावची गाठ आणि आपल्या गावचं भांडण, ओढलं की आणखी घट्ट!" ती पुटपुटली. पण बाळाकडे बघून विरघळली.

महिनाभर मी मुकी होते. खाऱ्या हवेने गाठ दगडासारखी झाली. ती सुटते का, हे कुणी एकदाही पाहिलं नाही. ताईनेही नाही.

मग एका सकाळी धुकं आलं. ताई धावत आली. तिने गाठ ओढली, दातांनी चावली, तिची नखं तुटली. "सूट ना गं बाई!" ती रडत होती. शेवटी सुरी आणायला घरी पळाली. तेवढ्यात इंजिनाचा आवाज जवळ आला, आणि मग लाकूड फुटल्याचा. मी सगळं ऐकलं आणि मला एक टोल देता आला नाही.

ताईने येऊन फडकं कापलं. मागच्या होड्यांसाठी मी वाजले. त्या वाचल्या.

फुटलेली होडी धाकट्याचीच होती. तिच्यातला त्याचा भागीदार पोहत किनाऱ्याला लागला. ताईसमोर बसून म्हणाला, "मी म्हटलं, गाठ सुटली नसेल तर? तो हसला. म्हणाला, आमची ताई गप्प बसणारी आहे का? घंटा नाही म्हणजे आत धुकं नाही. चल."

धाकटा परत आला नाही. ताई अजून मला वाजवते, पण कुणाशी बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी सतत सावध करणारं, कटकट वाटणारं असेल. त्याचं तोंड बांधू नका. बांधलंच, तर गाठ सुटते ना, हे रोज बघा.

ती मुलगी आता चार वर्षांची आहे. मी कितीही वाजले तरी खुशाल झोपते. फडकं निघाल्यावर तिला माझ्या आवाजाची सवय व्हायला एक आठवडा लागला. फक्त एक आठवडा.