दोन बोटे सैल पट्टा

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, एवढी एकच गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते. बाकी माझ्या आयुष्यात जे घडले, त्यातले निम्मे मला कळलेच नाही आणि उरलेले कळले तेही अर्धेमुर्धे. माझ्या रंगाचेच बघा. कागदपत्रांत तो राखाडी आहे, रंगाऱ्याच्या मते तो हिरवा आहे आणि शेजारीण म्हणते, आधी धुवा, मग ठरवू.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. या टोकाला मी नुसता सांगाडा होते आणि त्या टोकाला मोटार झाले. मधे चाळीसेक माणसांनी मला हात लावला. त्यांतल्या कुणाला जन्मदाता म्हणायचे, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. पुढची नऊ वर्षे मी दातांच्या एका डॉक्टरांकडे होते. ते मला दर रविवारी पुसत, माझ्यावर कापडी खोळ घालत आणि चालवत मात्र क्वचितच. "काय ठेवलीय! अगदी नवीकोरी," असे लोक म्हणत. मोटारीचे काम उभे राहणे हेच असते, अशी माझी समजूत झाली. मग डॉक्टरांनी मला विकले आणि मास्तरांच्या घरी पहिल्याच आठवड्यात ती समजूत धुळीला मिळाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लेथवर काम करत. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापणारे यंत्र. कारखान्यातल्या नव्या कामगारांना ते हे काम शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. केसाच्या जाडीइतकी चूक झाली, तरी ते अख्खा तुकडा भंगारात टाकत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटा लेथ विकत घेतला आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसवला. मीही त्याच खोलीत राहते. त्यांची बायको लोकांचे कपडे शिवते. घरात तिला आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणते. त्यांची लेक एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. मास्तरांचा धाकटा भाऊ टपाल कचेरीत आहे. तो गावात खाली, सपाटीवर राहतो आणि लेक त्याला काका म्हणते.

आमचे घर चढावर आहे. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो आणि तिथून तो असा काही उभा होतो की विचारू नका. माझ्या इंजिनाला तो चढ भरल्या गाडीने कधीच झेपला नाही. म्हणून या घरात एक रीत पडली होती. टाकीपाशी मी थांबायचे, चालवणारा सोडून बाकी सगळ्यांनी उतरायचे आणि चालत वर यायचे. पाहुणे असोत, पिशव्या असोत, रीत म्हणजे रीत. वर्षानुवर्षे हेच चालल्यामुळे जगातल्या सगळ्या मोटारी शेवटच्या वळणावर रिकाम्या होतात, असेच मी धरून चालले होते.

मग मास्तरांचा दम कमी झाला. कारखान्यातली धूळ छातीत बसली होती, असे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. चढ चढायचा नाही, गाडी चालवायची नाही. माझे चाक लेकीच्या हाती आले. पण टाकीपाशी मी थांबले की मास्तर दार उघडून सगळ्यांच्या आधी उतरत.

"अहो, तुम्ही बसा ना," आई म्हणे. "एकट्या तुम्हाला ओढेल ती."

"तू चालणार आणि मी बसून येणार? लोक काय म्हणतील?"

आणि ते चालू लागत. वाटेत तीनदा बुटाची नाडी बांधत. मला आरशात सगळे दिसे. त्यांच्या बुटांना नाडी नव्हतीच, हे माझ्या लक्षात आले होते. पण मग ते खाली वाकून काय करतात, याचा काही केल्या उलगडा होईना.

एका रविवारी काका वर आले. मास्तर आत झोपले होते. बाकीचे तिघे माझ्या खोलीत उभे राहून हळू आवाजात बोलत होते.

"वहिनी, माझ्या शेजारची तळमजल्यावरची जागा रिकामी होतेय," काका म्हणाले. "महिनाअखेरीपर्यंत मी त्यांना थांबवलंय. दादाला हा चढ आता जमायचा नाही. एक दिवस रस्त्यातच बसेल तो."

"तिथे लेथ मावेल?" आईने विचारले.

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग आई म्हणाली, "सध्या बंद असला, तरी लेथ घरात नसेल तर ते चार महिनेसुद्धा काढायचे नाहीत."

"सगळ्यांना घेऊन ही वर चढली तर?" लेक म्हणाली. "मग बाबांना उतरायचं कारणच उरणार नाही. गॅरेजमध्ये भंगारात आलेल्या गाडीचा सुपरचार्जर आहे, मालक देतो म्हणालेत. पण बाबांना यातलं काही सांगू नका. आपल्यासाठी चाललंय असं कळलं, तर ते हात लावू देणार नाहीत. मला अशा कामाचा सराव हवाय, एवढंच सांगू."

मी कान टवकारून ऐकत होते आणि तरी सगळे डोक्यावरून गेले. दम लागतो मास्तरांना आणि औषध मला? शिवाय पुढच्या रविवारी लेकीने माझे बोनेट उघडून बॅटरीची तार सोडली, हवेचा डबा काढून बाहेर ठेवला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की आपले दिवस भरले. आता मला सुटे करून विकणार.

मग लेकीने आणि काकांनी पोत्यातून ती सुपरचार्जर नावाची वस्तू काढली. दिसायला अगदी मोठ्या गोगलगायीसारखी. वेटोळे घातलेला शंख आणि पुढे एक चाक. मला धक्काच बसला. ज्यांना मला चढावर पळवायचे होते, त्यांनी गोगलगाय आणली होती!

"हिच्या पोटात पंखा आहे," लेक काकांना समजावत होती. "इंजिन फिरलं की पट्ट्याने हे चाक फिरणार. पंखा हवा दाबून इंजिनात भरणार. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त."

"म्हणजे इंजिनाला फुंकर," काका म्हणाले. त्यांच्याकडे माहितीपुस्तिका वाचण्याचे काम होते. पत्ता वाचावा तसा एकेक शब्द ते मोठ्याने वाचत. पुस्तिकेत सातव्या पानानंतर एकदम दहावे होते. तरीही ते न अडखळता पुढे वाचत गेले आणि एक नळी उलटी बसल्यावरच ही गोष्ट उघडकीस आली.

मास्तर सुरुवातीला दारात स्टूल टाकून नुसते बघत होते. तासाभराने स्टूल आत आले. आणखी थोड्या वेळाने ते लेकीला म्हणाले, "ते इंजिनाला धरून ठेवायला ब्रॅकेट लागेल. विकतचं नको. मी करतो." दम लागू लागल्यापासून पाच महिने बंद असलेला लेथ त्या दिवशी सुरू झाला. दर थोड्या वेळाने ते थांबत, धापा टाकत, पण तोंडावरचा आनंद लपत नव्हता. गोगलगाय मागेपुढे सरकवून पट्टा ताणता यावा, म्हणून ब्रॅकेटमध्ये खाच ठेवावी लागते. लेक म्हणाली, जरा लांब ठेवा. मास्तर म्हणाले, "लांब खाच कोण ठेवतो? ज्याचं माप चुकतं तो." आणि त्यांनी अगदी चिमुकली खाच ठेवली.

राहता राहिला पट्टा. त्याची लांबी मोजायला माझ्यात खोलवर वाकावे लागत होते आणि मास्तरांना ते जमेना.

"आईला घेऊ दे माप," ते म्हणाले. "जन्मभर मापंच घेतलीत तिने. एकदाही चुकली नाही."

आईने गळ्यातली कापडी टेप काढली आणि बोनेटखाली ज्या तीन छोट्या चाकांवरून पट्टा जाणार होता, त्यांच्याभोवती फिरवली. मला गुदगुल्या झाल्या. तिने टेपखाली दोन बोटे घातली, टेप थोडी सोडली आणि आकडा सांगितला. तो आकडा चिठ्ठीवर लिहून काका दुकानात गेले आणि बरोबर त्या मापाचा पट्टा घेऊन आले.

सगळे बसवून झाल्यावर लेकीने मला सुरू केले आणि मी किंचाळले. मित्रांनो, तो आवाज माझा होता यावर माझाच विश्वास बसेना. पट्टा चाकावरून घसरत होता, गोगलगाय आळसावून जेमतेम फिरत होती आणि ताकदीच्या नावाने शून्य. लेकीने पट्टा खाचेच्या टोकापर्यंत ताणला, तरी तो लोंबतच राहिला.

"लहान पट्टा आणू," ती म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले. "माप चुकलेलं नाही, म्हणजे माझं ब्रॅकेट चुकलंय. चूक तशीच ठेवून पट्टा बदलायचा, हे मी कुणाला शिकवलं नाही."

त्यांनी पुस्तिकेतल्या आकृतीशी ब्रॅकेट ताडून पाहिले. चूक सापडली नाही. तरी त्यांनी नवे ब्रॅकेट केले. त्यात सबंध आठवडा गेला. ते पहिल्यासारखेच तंतोतंत झाले आणि पट्टा पहिल्यासारखाच लोंबला. महिना संपायला चार दिवस उरले होते. मास्तर स्टुलावर बसले आणि आपले हात उलटेपालटे करून पाहू लागले.

"हात गेले माझे," ते म्हणाले. "चूक कुठे आहे तेही दिसेना. राहू दे आता. काकाला सांगा, ती जागा घेऊन टाक. लेथचं गिऱ्हाईक मी बघतो."

म्हणजे त्या जागेचे त्यांना माहीत होते. कुणी सांगितले, कधी सांगितले, मला पत्ता नाही. लेक खाली बघत उभी राहिली. मला फार वाईट वाटले. आपण किंचाळलो नसतो तर बरे झाले असते, असे वाटले. पण न किंचाळता कसे राहायचे, तेही मला माहीत नव्हते.

आई दारात उभी होती. तिच्या हातात कुणाचा तरी अर्धवट शिवलेला झगा होता. ती पुढे आली आणि तिने माझा पट्टा बोटांनी चाचपून पाहिला.

"अहो," ती म्हणाली, "मी माप अंगाचं घेतलं."

"म्हणजे?"

"कंबरेचं घेते तसं. दोन बोटं सैल. घालणाऱ्याला श्वास घेता आला पाहिजे ना. हाताला सवयच आहे, मला कळलंसुद्धा नाही."

मग मास्तरांनी खिशातून आपले व्हर्नियर काढले. बारीकात बारीक माप दाखवणारी ती पट्टी ते झोपतानाच काय ती बाजूला ठेवत. त्यांनी आईचा हात हातात घेतला, तिची दोन बोटे जुळवली आणि व्हर्नियरच्या जबड्यात धरून मोजली.

"एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर," ते म्हणाले. "पट्टा तेवढाच लहान आणा."

आणि मग ते इतके हसले की त्यांना खोकला आला आणि आईला पाठ चोळावी लागली. चूक सापडल्यावर माणसे रडतात की हसतात, याचा माझा अजून निर्णय झालेला नाही. आईच्या डोळ्यांत तर दोन्ही होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी लहान पट्टा आणला. खाच चिमुकली होती तरी पुरली. संध्याकाळी चौघेही माझ्यात बसले, आम्ही गावात जाऊन आलो आणि टाकीच्या वळणाशी पोचलो. रीतीप्रमाणे तिघांचेही हात दाराच्या मुठीवर गेले. काकांनी तर दार उघडून एक पाय बाहेर काढलाही.

"पाय आत घ्या, काका," लेक म्हणाली आणि तिने मला थांबवलेच नाही.

मी घाबरले. माझ्या हिशेबाने इथे थांबायचे होते. पण गोगलगायीने शीळ घातली, कुठून तरी माझ्या छातीत हवा भरू लागली आणि चाके वर चढू लागली. हे मी करते आहे की माझ्याकडून कुणी करवून घेते आहे, मला सांगता येईना. मास्तर ज्या तीन ठिकाणी वाकत, ती तिन्ही ठिकाणे मागे गेली. दारापाशी लेकीने इंजिन बंद केले, तरी कुणी उतरेना.

"दादा, मग त्या जागेचं काय सांगू?" काकांनी विचारले.

"नको म्हणून सांग," मास्तर म्हणाले. मग त्यांनी लेकीकडे बघितले. "हे तुझ्या सरावासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं."

"हो," आईच म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

लेक चाकावर हात ठेवून बसली होती. "बाबा, आणखी एक सांगायचं राहिलंय. जुन्या इंजिनात इतकी हवा कोंबली की ते लवकर झिजतं. दोन वर्षं, फार तर तीन. मग ही गाडी संपली."

मास्तरांनी माझ्या समोरच्या काचेखालच्या फळीवर तळवा टेकवला. तो गरम होता.

"म्हणजे हिलाही विचारलं नाहीत," ते म्हणाले. "मला विचारलं असतंत तर मी आधी नकोच म्हणालो असतो. ओरडलो असतो. मग जाऊन लेथ सुरू केला असता. पण तो मी माझ्यासाठी सुरू केला असता, कळतंय का?"

आई पुढे वाकली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. माझ्या इंजिनात अधूनमधून खडखड होते. आपल्याला विचारले असते तर आपण काय म्हणालो असतो, हे मी रोज त्या पत्र्याच्या खोलीत ठरवू पाहते आणि शेजारी लेथ सुरू झाला की माझे ठरवायचे राहून जाते. पण एक विनंती तेवढी करते. म्हातारे माणूस असो वा म्हातारी मोटार, त्यांची काळजी जरूर घ्या, फक्त ती गुपचूप घेऊ नका. समोर बसा आणि काय करणार आहात ते सांगा. आम्ही कुरकुर करू, नको म्हणू, दोन दिवस तोंड फिरवून बसू. मग तिसऱ्या दिवशी आम्हीच विचारू, की कामाला कधी लागायचे.