हळदीच्या मांडवातले अरण्य

वर्तकनगरात राहणारा महेंद्र हा व्यवसायाने मंडप-सजावटकार होता. परंतु अंतःकरणाने तो स्वतःस कलावंत समजत असे, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज अद्याप कोणाच्याही ध्यानी आलेली नव्हती. कित्येक वर्षे त्याने लोकांची बारशी, साखरपुडे आणि हळदी नटविल्या होत्या. थर्माकोलचे महाल उभे केले होते, कापडाचे मोर नाचविले होते. तथापि कार्यस्थळी त्याला हाक पडे ती एकच.

"ए मंडप, इकडे ये जरा. पंखा फिरव काकांकडे."

या हाकेने त्याचे हृदय विदीर्ण होत असे. पंखा मात्र तो फिरवीत असे.

अशा मनःस्थितीत तो एकदा नौपाड्यातील एका सभागृहात खुर्च्या पुरविण्यास गेला असता तेथे एका चित्रकाराचे प्रदर्शन चालले होते. मानेवर केस रुळणारा तो चित्रकार डोळे मिटून म्हणाला, "माझी प्रत्येक रेषा मला अरण्याने दिली आहे." सभागृहातील मंडळींनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. महेंद्र मागे खुर्च्यांची चळत धरून उभा होता. आजवरची आपली समस्त प्रेरणा उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून आली, हे त्याला त्या क्षणी उमगले, आणि आपल्याला कोणी कलावंत का म्हणत नाही याचे कारणही त्याला सापडल्यासारखे झाले.

दैवयोग असा की, त्याच आठवड्यात शीळफाट्याजवळच्या गावातून गणूशेठचे बोलावणे आले. गणूशेठच्या वाडवडिलांनी भातशेती केली, मिठागरे राखली. गणूशेठनी ती जमीन आणि तिच्यामागचा डोंगर इमारतींना दिला आणि आता त्या पैशांत ते लग्नकार्ये करीत होते. मुलगा नयन याचे लग्न ठरले होते, आणि होणारी सून करिश्मा हिने मोबाईलवर काहीतरी पाहिले होते.

"सुनेला हळदीला जंगल पायजे," गणूशेठ म्हणाले. "आमचा डोंगर होता तवा जंगलच होता. त्यो इकला. आता येका दिसासाठी परत आनायचा. जमंल?"

"जमेल शेठ. फक्त एक विनंती आहे. स्टेजजवळ एक पाटी लावायची आहे. 'संकल्पना व कला: महेंद्र'. एवढंच. मोबाईल नंबर नको."

"नंबर नको? मग लोकं फोन कसा करतील?"

"कलावंताला फोन करत नाहीत शेठ. शोधत येतात."

गणूशेठनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिले. "लाव बाबा. पन सगळं नीट पार पडू दे, मग लाव. आनी स्टेजवर माझ्या भावाचा ब्यानर लागंल, त्याच्या फोटोखाली नको लावू, त्यो चिडंल."

पाटी त्याच रात्री तयार झाली. पितळी अक्षरे, काळी पार्श्वभूमी. ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवताना महेंद्रची पत्नी शीला म्हणाली, "अजून जंगलाचं एक पान नाही आणलं, आणि सही पहिली."

पान आणण्यासाठी, म्हणजे प्रेरणा घेण्यासाठी, महेंद्र दुसऱ्याच दिवशी येऊरच्या जंगलात निघाला. शीला डबा घेऊन बरोबर आली, कारण प्रेरणेला किती वेळ लागतो हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

चैत्र सरत आला होता. अरण्य पाहून महेंद्रचा भ्रमनिरास झाला, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. कॅलेंडरवर असते तसे त्यात काहीच नव्हते. झाडे निष्पर्ण, माती तपकिरी, पायांखाली कुरकुरणारी पाने, आणि ज्याला ओढा म्हणत ते नुसते दगड. हरीण एकही नाही. तरीही तो एका खोडाला टेकून, त्या चित्रकाराप्रमाणे डोळे मिटून बसला.

"आली का?" थोड्या वेळाने शीलाने विचारले.

"काय?"

"प्रेरणा हो. आली असेल तर जेवून घेऊ."

"मुंग्या आल्या," महेंद्र उठत म्हणाला. 

एवढ्यात लांब झग्यातली एक तरुणी, सुटातला एक तरुण आणि त्यांच्या मागोमाग एक छायाचित्रकार अशी मिरवणूक तेथे अवतरली. लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. छायाचित्रकार म्हणाला, "काका, जरा फ्रेममधून बाहेर व्हा ना. नॅचरल लुक पाहिजे." मग त्याने पिशवीतून कापडी फुलांची एक लांब वेल काढली आणि महेंद्र ज्या खोडाला टेकला होता त्यावरच गुंडाळली.

ती वेल महेंद्रने तत्काळ ओळखली. उल्हासनगरची होती.

परतीच्या रिक्षात तो गंभीर होता. "शीला, मला कळलं," तो म्हणाला. "निसर्गात हिरवेपणा कमी पडतो. तिथेच कलावंताचं काम सुरू होतं."

"मी भेंडी आणलेली डब्यात," शीला म्हणाली. "तीसुद्धा हिरवी होती. खाल्ली नाहीत."

मग गणूशेठच्या घरापुढच्या मैदानावर महेंद्रने जे अरण्य उभारले त्याला तोड नव्हती. जमिनीवर प्लास्टिकचे गवत अंथरले. फायबरची हरणे चरू लागली. वाघ एका खडकावर असा बसविला की, जेवणाच्या पंगतीतील कोणालाही तो आपल्याकडेच पाहत आहे असे वाटावे. स्पीकरमधून कोकीळ ओरडत होती आणि मोटारीवर चालणारा धबधबा तयार होत होता. धबधब्याची जागा मात्र एका झाडाने अडविली होती. ते जुने, वेडेवाकडे, खोडालाच फळे लगडलेले; खाली पडलेल्या फळांवर चिलटे घोंघावत. जंगलाची सगळी शोभा त्या एका झाडाने घालविली होती.

महेंद्र गणूशेठकडे गेला. ते फोनवर होते. "शेठ, ते कोपऱ्यातलं मध्ये येतंय. काढू का?"

गणूशेठनी फोनवर हात ठेवला. त्यांना वाटले, जुना दिव्याचा खांब. "मधी येतो तर काढ ना. इचारतो काय?"

संध्याकाळपर्यंत झाड टेम्पोतून रवाना झाले आणि त्या जागी धबधबा कोसळू लागला. महेंद्रने लांब उभे राहून पाहिले. त्याला वाटले, असे अरण्य अरण्यालाही साधले नसते.

हळदीच्या दिवशी सकाळी सखुबाई आली. सखुबाई ही गावची धवलारीण. म्हणजे लग्नाचे धवले गाऊन सारे विधी चालविणारी बाई. तिच्या शब्दापुढे गणूशेठसुद्धा चपला काढून उभे राहत. त्या घराण्याची रीत अशी होती की, घरच्या जावयाने वाजतगाजत जाऊन उंबराची फांदी आणावी, ती मांडवात रोवावी, सखुबाईने धवला गावा आणि त्यानंतरच नवरदेवाला हळद लागावी. महेंद्रने शेकडो मांडवांत ती फांदी पाहिली होती. ती येते कुठून, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. अत्तर, गुलाबपाणी यांच्यासारखीच तीही येत असावी, अशी त्याची समजूत होती.

बँड वाजू लागला. जावई कोयता घेऊन, बायका ताट घेऊन कोपऱ्याकडे निघाल्या आणि धबधब्यापुढे येऊन थांबल्या. बँड थोडा वेळ तसाच वाजत राहिला, मग एकेक वाद्य गप्प झाले.

"उंबर कुठं हाय?" सखुबाईने विचारले.

स्पीकरमधली कोकीळ तेवढी बोलत होती.

"महेंदर," गणूशेठ अतिशय हळू आवाजात म्हणाले, "तू खांब काढलास का झाड?"

कारागिराची सवय म्हणून महेंद्र धावत जाऊन प्लास्टिकच्या वडाची एक डौलदार फांदी उपटून घेऊन आला. सखुबाईने तिचे पान दोन बोटांत धरले, नखाने दाबले, वास घेतला.

"बादलीचा वास येतो," ती म्हणाली. "उंबर आल्याबिगर मी धवला गानार नाय. धवला नाय तर हळद नाय."

"हळद नाय तर पाटी पन नाय," गणूशेठनी जोडून दिले. "आनी परत या बाजूला कुनाच्या मांडवाला तू दिसलास, तर मी हाय आनी तू हायस."

ज्या पाटीसाठी त्याने एवढा खटाटोप केला होता ती चादरीत गुंडाळलेलीच स्टेजमागे पडली होती. महेंद्र म्हणाला, "शेठ, दुपारच्या आत उंबर आणतो." कुठून आणणार, हे तो बोलला नाही, कारण त्याला ठाऊक नव्हते.

टेम्पोत सखुबाई, जावई, शीला आणि अख्खा बँड बसला. गावाच्या शिवेवर चौकशी झाली. तेथे रस्ता रुंद होऊन झाडे गेली होती. एक म्हातारा म्हणाला, "डोंगरावर व्हते की. चिकार." सर्वांनी डोंगराकडे पाहिले. डोंगरावर आता इमारती होत्या, आणि त्यांतल्या एकीचे नाव 'औदुंबर वनराई' असे होते. महेंद्रला आशा वाटली. फाटकावरचा पहारेकरी मात्र म्हणाला, "इथे झाडं नाही ठेवत साहेब. पानं पडतात."

असे करीत ते डोंबिवलीत शिरले. ऊन माथ्यावर आले होते. जावयाने कोयता मांडीखाली घेऊन डुलकी काढली होती. शीला तेवढी बाहेर पाहत होती आणि तीच एकाएकी म्हणाली, "थांबवा हो. ते बघा, वर."

एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा नळ जेथे भिंतीतून बाहेर पडतो तेथे, चिरेतून एक उंबर उगवला होता. चांगला माणसाएवढा. सांडपाण्यावर पोसलेला, टवटवीत. सखुबाईने हात कपाळाशी नेऊन निरखले आणि नमस्कार केला.

इमारतीच्या फाटकाची किल्ली सोसायटीचे सचिव शौनक यांच्या हाती होती. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि चष्मा पुसला. "हे पाहा, त्या झाडामुळे जोशी मावशींच्या भिंतीला ओल आहे. आमचा ठराव झालाय. नेणार असाल तर मुळासकट न्या. नुसती फांदी नेऊन आमचा प्रश्न सुटत नाही."

"झाड मारून हळद लावतान काय, दादा?" सखुबाई म्हणाली. "फांदीच पायजे."

"मग कमिटीची मीटिंग बोलवावी लागेल. रविवारी."

सखुबाईने वाद घातला नाही. ती बँडवाल्यांकडे वळून म्हणाली, "वाजवा रं." बँडने आपले सर्वांत मोठे गाणे धरले. गल्ली दणाणली. खिडक्या उघडल्या. जोशी मावशी नळाजवळच्या खिडकीतून डोकावून ओरडल्या, "शौनक, काय हवंय त्यांना ते देऊन टाक बाबा, माझं डोकं उठलंय." शौनक यांनी फाटक उघडले आणि हा अपवाद समजावा, असे ते बराच वेळ सांगत होते.

वर चढायचे कोणी? जावयाने आपल्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिले. महेंद्रने मात्र कोयता कमरेला खोचला. बांबूवर चढणे हा त्याचा धंदाच होता. तो नळाला धरून वर गेला आणि प्रथमच एका झाडासमोर त्याचे तोंड आले.

त्याची मुळे त्या लोखंडी नळाला घट्ट धरून होती, जसे पोर आजोबांचे बोट धरते. कोवळी पाने तांबूस होती आणि जून पाने गडद. एकाचा रंग दुसऱ्यासारखा नव्हता. काही पानांवर कसल्याशा गाठी, काहींना किड्यांनी भोके पाडलेली, आणि तरीही ते सगळे मिळून बरोबर होते. हे कसे बरोबर, हे महेंद्रला सांगता येईना. आपल्या अरण्यात लाखभर पाने आहेत, पण साचा एकच, हे त्याला आठवले. तो पाहतच राहिला.

"अहो," खालून शीला म्हणाली, "दिसतोय का उंबर, की झोपलात?"

"दिसतोय," तो म्हणाला. मग त्याने एकच फांदी कापली. चीक त्याच्या बोटांवर उतरला आणि चिकटून राहिला.

त्यानंतर सर्व यथासांग झाले. फांदी मांडवात, वाघ आणि धबधबा यांच्या मधोमध रोवली गेली. सखुबाईने धवला गायला, नयन हळदीने पिवळा झाला, करिश्माकडची मंडळी आली. गणूशेठचा राग उतरला. त्यांनी स्वतः पाटी उलगडून स्टेजजवळ टांगली. भावाच्या फोटोपासून बऱ्याच अंतरावर.

संध्याकाळी पाहुण्यांची रीघ लागली. महेंद्र नवा सदरा घालून पाटीखाली उभा राहिला. कल्याणहून आलेले एक वजनदार गृहस्थ पाटी वाचून अरण्याकडे गेले. वाघापाशी थांबले नाहीत. हरणांकडे पाहिले नाही. थेट त्या उंबराच्या फांदीपाशी जाऊन त्यांनी पान चाचपले आणि माघारी वळले.

"हे तुम्ही केलंत? एकदम खरं वाटतं हो. भोकंसुद्धा पाडलीत किड्यांची."

"साहेब, तो वाघ बघा ना," महेंद्र कळकळीने म्हणाला. "वाघ माझा आहे."

"वाघ सगळीकडे असतात. हे पान बघा. हा हिरवा रंग आणलात कुठून?"

महेंद्रच्या बोटांवरचा चीक अजून सुटला नव्हता. त्याला नळावरचे ते झाड आठवले. "ते काम माझं नव्हे," तो म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटले.

गृहस्थांनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले. "खरा कलावंत असाच बोलतो," ते सद्गदित होऊन म्हणाले, आणि त्यांनी आपल्या पत्नीला हाक मारली. "अगं, इकडे ये, यांना भेट. हे कलावंत."

बाईंनी नमस्कार केला. त्यांच्या मागून आणखी चार जण आले. एकाने फांदीसोबत फोटो काढला आणि विचारले, "तुमचंच ना हे?"

"ते काम माझं नव्हे," महेंद्र पुन्हा म्हणाला. या खेपेस तो खरे बोलत होता आणि त्याचबरोबर स्वतःचे बोलणे ऐकतही होता.

मंडळींनी माना डोलावल्या. नौपाड्यातल्या सभागृहात ऐकू आला होता तसाच एक सामुदायिक सुस्कारा ऐकू आला.

शीला ताट घेऊन जवळ उभी होती. पुढच्या पाहुण्याने प्रश्न विचारण्याआधीच आपल्या नवऱ्याने डोळे अर्धवट मिटले आणि मान किंचित कलती केली, हे तिने पाहिले. उत्तर देण्यापूर्वी तो जरासा थांबलाही.