थोडे दिवस उकडंल

"म्हणजे खच्चीच करणार ना मला?"

मल्हारीने एवढं सरळ विचारलं की त्याचा पोरगा बिरू छताच्या पंख्याकडे बघायला लागला, जणू तो पंखा आत्ताच खाली पडणार होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. पुरुषी हार्मोन हेच त्याचं खाद्य, ते तोडलं की तो दबून राहतो, हे त्यांचं समजावून झालं होतं. तोडायचे रस्ते दोन. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन करून अंडकोष काढून टाकायचे. गुण सारखाच आणि त्रासही सारखेच. अंगातून गरम वाफा निघतील, वजन वाढेल, हाडं ठिसूळ होतील, उगाच रडू येईल. मग बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, बायकोजवळ जावंसं वाटणार नाही. बिरू अजून पंख्याकडेच. इंजेक्शन नको झालं तर थांबवता येतं, ऑपरेशन मात्र झालं की झालं. घरी बोला आणि मग या.

"आन आवाज?" मल्हारीने विचारलं.

आवाज नाही बदलत, असं बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे त्याने पटका सारखा केला.

बाकीचं त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. गारखेड्याला पोराकडे राहायला येईपर्यंत त्याचं सगळं आयुष्य पाचोडच्या रानात मेंढरांमागे गेलेलं. नर खच्ची करायचे तर चिमटा धरायला मल्हारीचाच हात लागायचा. दाबला की सोडला, मेंढा आपला लंगडत कळपात जायचा, आणि मल्हारी चहाला. मागे वळून कोण बघतंय? आता गच्चीवर बसल्या बसल्या त्याला तेच मेंढे दिसायला लागले. गुबगुबीत, गप्प, टक्कर विसरलेले. त्याला भाकरी गोड लागेना.

त्याची बायको म्हाळसाबाई कुरडया वाळत घालायला वर आली, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं.

"इंजक्शनच घेतो. माघारी फिरायला वाट तरी राहती."

"आता कुठं फिरायचंय तुमाला?"

"तुला नाय कळायचं ते."

झालं. म्हाळसाबाईने पातेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्याच्यासमोर बसली.

"मला नाय कळायचं? माझी पाळी गेली तवा भर थंडीत मी ओलं लुगडं अंगावर घिऊन बसत व्हते. हाडं ठणकायची, घडीघडी रडू यायचं. तुमी काय म्हणला व्हता, ध्यानात हाय का? थोडे दिवस उकडंल, मग काय नाय. आन घोंगडं उचलून मेंढरांत निजायला गेलात."

हे मल्हारीच्या ध्यानात नव्हतं, आणि आता आलं ते जायला तयार नव्हतं.

"मला तर कुणी इचारलं बी नाय, इंजक्शन का आपरेशन म्हणून," ती म्हणाली. "मग मी काय बाई ऱ्हायले नाय व्हय?"

मल्हारीच्या मिशा हलल्या.

"ऱ्हायली की. उलट लई आगाव झाली."

ती हसली, तसा तोही हसला. जनावराला एकदाच तरास द्यायचा, हा त्याचा जुना कायदा, तोच त्याने स्वतःला लावला. ऑपरेशन झालं. हाडांचं ठणकणं हळूहळू उतरलं. त्याच्या बदल्यात भाजी घेता घेता तो घामाने निथळायला लागला, आणि सिरियल बघताना डोळे पुसून सुनेच्या कांद्याला नावं ठेवायला लागला. म्हाळसाबाई पिशवीत कायम ओला पंचा ठेवायची. लग्नाच्या मांडवात दोघं कूलरसमोरची जागा धरून बसत. बिरू लांब उभा राही.

जवळ जाणं संपलं होतं. पण म्हाळसाबाईची बाज, जी एवढी वर्षं पलीकडच्या भिंतीला असायची, ती त्याच्या बाजेला लागून आली.

थंडी सुरू झाली तशी दोघं पाचोडला गेली, त्याच्या धाकट्या भावाकडे. लांबूनच मल्हारीने हाळी दिली आणि कळपातली मुंडकी एकदम वर झाली. त्याला इतका आनंद झाला की त्याने उगाच आणखी एक हाळी दिली.

कडूबा, म्हणजे तो भाऊ, तेवढ्यात एक तरणा मेंढा गोठ्यामागे ओढून नेत होता. हातातला चिमटा त्याने घोंगडीखाली लपवला.

"आण हिकडं," मल्हारी म्हणाला.

"ऱ्हाऊ दे दादा, मी करतो की."

"आण म्हणतो ना."

मल्हारी जमिनीवर बसला. मेंढ्याची मान त्याने आधी नीट खाजवली, मग चिमटा घेतला. काम झालं, कडूबाने चहाला हाक मारली. म्हाळसाबाईने न सांगताच पिशवीतला पंचा पुढे केला. मल्हारीने तो मेंढ्याच्या कपाळावर ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"थोडे दिवस उकडंल बग," तो म्हणाला.

कडूबाने परत हाक मारली. चहा निवून गेला तरी मल्हारी तिथून उठला नाही.